एमबीए कॉलेजची रँकिंग वाचायची कशी

बेळगावातल्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत प्रत्येक फलकावर कुणीतरी ‘नंबर वन’ असतं. कुणाच्या यादीत, कुठल्या वर्षी, ते आधी बघा. तेवढंही लिहिलेलं नसेल तर फलक सोडून द्या.

परदेशी यादी असेल तर कोर्स तपासा. फायनान्शियल टाइम्सच्या ग्लोबल एमबीए यादीत आयआयएम अहमदाबादचा येतो तो एक वर्षाचा पीजीपीएक्स, अनुभवी लोकांसाठीचा. कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मिळणारा दोन वर्षांचा पीजीपी वेगळ्याच यादीत असतो.

आपल्या कामाची यादी म्हणजे केंद्र सरकारची एनआयआरएफ, २०१६ पासूनची. तिच्या व्यवस्थापन गटात अध्यापन आणि साधनांना ३० टक्के वजन, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकाल-नोकरीला फक्त २०. म्हणजे प्राध्यापकांचे शोधनिबंध वाढले तरी नंबर वर सरकतो. नोकरीसाठी एमबीए करणाऱ्याला त्याचं काय?

म्हणून नंबर बाजूला ठेवा आणि कॉलेजने एनआयआरएफला भरून दिलेली फाईल उघडा. पहिल्या शंभरात नसलेल्या कॉलेजचीही ती बहुतेक वेळा त्यांच्याच वेबसाइटवर तळाशी मिळते. खरी मेख इथेच आहे, मीही इथे बराच काळ अडखळत होतो. आपल्याकडे एमबीए विभाग पुष्कळदा इंजिनिअरिंग कॉलेजात असतो, त्यामुळे फाईल ‘मॅनेजमेंट’चीच आहे ना, हे बघा. नाहीतर एमटेकचे आकडे एमबीएचे समजून वाचाल. मग दोन वर्षांच्या पदव्युत्तर कोर्सची ओळ धरा. प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना, उच्च शिक्षणाला किती गेले आणि पगाराचा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला आकडा.

हा मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, अख्ख्या वर्गाचा नाही. समजा प्रवेश १२०, पास १००, नोकरी ५५ जणांना, मध्यक ४ लाख. म्हणजे चार लाखांच्या वर पगार मिळाला तो साधारण २७ जणांना, १२० पैकी! माहितीपत्रकात मात्र ‘सरासरी’ छापतात. पाच जणांना ३, ३, ४, ५ आणि ३० लाख मिळाले तर सरासरी ९ लाख, मध्यक ४. ‘हायेस्ट पॅकेज’कडे तर बघूच नका. आणि आकडे शिळे असतात, २०२४ च्या यादीत २०२२-२३ ला बाहेर पडलेली बॅच आहे. फाईलमध्ये तीन वर्षांच्या ओळी असतात, तीनही वाचा. एकाच वर्षी आकडा उडी मारत असेल तर प्लेसमेंट ऑफिसात जाऊन कंपन्यांची नावं मागा. टाळाटाळ झाली तर पुढचं कॉलेज.

फी आणि हॉस्टेल मिळून एकूण खर्च त्या मध्यकाशेजारी लिहा. घरून बसने जाता येणारं कॉलेज इथे पुष्कळदा बाजी मारतं.

परीक्षा दोन्हीकडच्या द्या, कर्नाटकाची पीजीसीईटी आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी. गाव महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या ८६५ गावांत आणि मातृभाषा मराठी असेल तर महाराष्ट्रात सीमाभागासाठी वेगळी तरतूद आहे. दोन्ही गोष्टींचे दाखले निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा.