गोव्याच्या उकाड्यात दुचाकी चालवताना

मे महिन्यात पणजीचा पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. नागपूर-सोलापूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो आणि तिथेच तो फसतो. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांना सुरू करतं, पण किनारपट्टीवर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ एवढं झालं तरी लाट मानली जाते. कारण हवेतला दमटपणा. घाम अंगावरून उडून जातो तेव्हा तो शरीरातली उष्णता सोबत नेतो. गोव्यात तो उडतच नाही, नुसता ओघळतो. ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर अंगाला ते ४१ अंशांसारखं जाणवतं, तेही सावलीत. डोक्यावर हेल्मेट, खाली तापलेलं इंजिन आणि वर ऊन आलं की त्यात आणखी भर पडते.

म्हणून इथे सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती करायची: अंगावरून वारा सतत खेळता राहिला पाहिजे.

वेळ आधी ठरवा. लांबचा पल्ला असेल तर सकाळी सहाला निघून दहापर्यंत बराचसा रस्ता संपवावा. दुपारी बारा ते चार शक्यतो टाळा. काम टळण्यासारखं नसेल तर वाट निवडताना एवढं लक्षात ठेवा की दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा किनाऱ्यालगतच्या गावांना थोडा दिलासा देतो. सांगे, धारबांदोडा, वाळपई या आतल्या भागांत तो पोचेपर्यंत त्यातला गारवा संपलेला असतो. वेर्ण्याच्या उघड्या पठारावरून जाणाऱ्या महामार्गापेक्षा आंबा-फणसाच्या सावलीतला गावातला रस्ता पाच-सात किलोमीटर लांब पडला तरी दुपारी तोच बरा.

कपडे

उकडतं म्हणून हाफ पँट, बनियन आणि चपला घालून गाडी चालवणारे किनारी भागात पावलोपावली दिसतात. उघड्या त्वचेवर ऊन थेट पडतं, आणि घसरगुंडी झाली तर लाल मुरूम कातडी सोलून काढतो. जाळीचं जॅकेट घ्या, ज्याच्या छातीवर, बाह्यांवर आणि पाठीवर जाळी आहे आणि खांदे, कोपर, पाठ इथे संरक्षक पॅड आहेत. जॅकेटच्या आतलं पावसाळी अस्तर मे संपेपर्यंत काढून घरी ठेवा. ते असेल तर जाळीचा काही उपयोग नाही. पाठीचीही जाळी मोकळी हवी, वारा बाहेर पडायला वाट नसेल तर तो आतही येत नाही. पाठीवर भरलेली सॅक अडकवली की ती वाट बंद होते, म्हणून सामान मागच्या सीटवर बांधा.

आत सुती बनियन नको. सुती कापड घाम शोषतं आणि दमट हवेत तासन् तास ओलंच राहतं, अंगाला चिकटतं, काखेत आणि मांड्यांत काचतं, घामोळं उठतं. खेळाडू घालतात तसा लवकर वाळणारा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला.

शर्ट भिजवून त्यावर जॅकेट चढवायची युक्ती कोरड्या हवेत फार गुणाची आहे. गोव्यात तिचा परिणाम बेताचाच, आणि सिग्नलला उभं राहिल्यावर तर तोच ओला कपडा अंग कोंडून टाकतो. इथे गळ्याभोवती ओला रुमाल पुरतो. मात्र घाट चढून बेळगावच्या पुढे विजापूर-सोलापूरकडे निघालात तर गणित उलटं होतं. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगाला गार करतो; ४० अंशांचा कोरडा वारा उलट अंग तापवतो आणि घाम कळायच्या आत वाळवून टाकतो. तिथे जॅकेटच्या चेन बऱ्याचशा बंद ठेवा, आतला शर्ट भिजवा आणि दर थांब्यावर पुन्हा ओला करा.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय शिक्क्याचं आणि शक्यतो फिक्या रंगाचं असावं. पुढच्या-मागच्या झडपा उघडलेल्या आहेत ना, हे बघा. त्या धुळीने बुजलेल्याही असतात. हेल्मेटच्या आत डोक्यावर पातळ टोपी घालावी, अशा दोन जवळ असल्या तर दुपारी बदलता येते. आतलं अस्तर आठवड्याला सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. पायात घोटा झाकणारे बूट, हातात जाळीचे हातमोजे आणि मानेच्या मागे, मनगटावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी.

सायलेन्सरला पोटरी भाजली तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

पाणी आणि मीठ

तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. निघण्याआधी अर्धा लिटर प्या आणि मग दर १५-२० मिनिटांनी १५० ते २०० मिली. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. मिठाशिवाय नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते ऊन लागल्याचं समजून आणखी पाणी पितो.

दोन तासांहून जास्त प्रवास असेल तर ओआरएस ठेवा. लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासात अंदाजाने अर्धं टाकायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून सोबत काहीतरी खारट खा. मीठ घातलेलं कोकम सरबत, ताक आणि घरून निघताना वाटीभर पेज व मिठातली कैरी यांच्या तोडीचं बाटलीबंद पेय मिळणं कठीण. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एप्रिल-मे हा उराकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या दारूचाही हंगाम. गाडी चालवायची असेल तर तो घ्यायचाच नाही. दारूने लघवी वाढते, अंगातलं पाणी आणखी उतरतं. आणि कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे.

गाडी

हवेवर थंड होणारं इंजिन त्याच्या पत्र्यासारख्या पाकळ्यांतून उष्णता सोडतं. खाणपट्ट्यात किंवा जांभ्याच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीच्या या पाकळ्यांत लाल माती बसते आणि इंजिन कोंडतं. गाडी पूर्ण गार झाल्यावर जुन्या ब्रशने माती काढून साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नका, धातूला तडा जाऊ शकतो. एअर फिल्टरही याच मातीने लवकर भरतो, म्हणून तो गाडीसोबत आलेल्या पुस्तकात दिलेल्या अंतराच्या अर्ध्यात उघडून बघा. इंजिन ऑईल कोणत्या ग्रेडचं, तेही पुस्तकात असतं. उन्हाळा आहे म्हणून मनाने जाड ऑईल भरू नका. पातळी मात्र दर आठवड्याला बघा. ऑईल कमी असेल तर उष्णता वाहून न्यायला काही उरतच नाही. पुलावर किंवा म्हापशाच्या बाजारात गाड्या अडकल्या आणि मिनिटभराच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. रेडिएटर असलेल्या गाडीत कूलंट टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. गरम असताना झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

ब्रेक ऑईलकडे फार थोडे लोक लक्ष देतात, आणि गोव्यात तेच सगळ्यात जास्त बघायला हवं. ते हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ ग्रेडचं ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरलेलं १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेक दाबून धरला की डिस्क तापते, ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर एकदम मऊ पडतो. दर दोन वर्षांनी ऑईल बदला, काळपट-तपकिरी दिसलं तर त्याआधीच. घाटात खालचा गिअर टाकून इंजिनालाच वेग आवरू देत उतरा. ब्रेक थोडा थोडा दाबा आणि सोडा.

टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, ते गृहीत धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. त्यामुळे तापलेल्या टायरमधली हवा काढू नका. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक हवा कमी असल्याने: कडा जास्त वाकतात आणि आतून तापतात. टाकी फुल्ल केली की उन्हात स्फोट होतो, हा निरोप दरवर्षी फिरतो, तो खरा नाही. पेट्रोल प्रसरण पावतं, दहा लिटरला १५ अंशांत दीडशे मिलीच्या आत. तोंडापर्यंत भरलं तर ओव्हरफ्लो नळीतून सांडतं, म्हणून थोडी जागा सोडा.

दुपारी काळं चकाकणारं डांबर दिसलं तर त्यावर ब्रेक मारू नका, गाडी झुकवू नका. साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर स्टँड डांबरात रुतून गाडी आडवी होते. मे अखेरीस अवचित सर आली तर पहिली १५-२० मिनिटं आडोशाला थांबा; महिनोन् महिने साचलेलं तेल आणि लाल धूळ मिळून रस्त्यावर साबणासारखा थर होतो.

थांबायचं कधी

पोटरीत गोळे, डोकेदुखी, मळमळ, गिअर चुकणं, आरसा बघायचा राहून जाणं, यांतलं एक जरी जाणवलं तरी लगेच सावलीत थांबा. हेल्मेट, जॅकेट, बूट काढा, ओआरएस प्या आणि अर्धा तास पडून राहा.

सोबतचा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट न बघता त्याला गार करायला लागा: अंगभर पाणी ओता, सतत वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. बर्फ नसेल तर जवळच्या कोल्ड्रिंकच्या गाड्यावरून गार बाटल्या आणा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. आणि थोड्या वेळाने बरं वाटलं, तरी त्या दिवशी त्याला गाडीवर बसू देऊ नका. गाडीला कुलूप घाला आणि त्याला डॉक्टरकडे न्या.