गच्चीवर सोलर बसवताय? या चुका टाळा

सोलर यंत्रणा, मग ती पाणी तापवणारी असो की वीज बनवणारी, स्वतःहून क्वचितच बिघडते. ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये "सोलर चालत नाही" अशी ओरड झाली, की दोष बहुधा टाकीच्या सावलीत, टँकरच्या पाण्यात किंवा कुणाच्या तरी बाथरूममधल्या नळात सापडतो.

आधी गरम पाणी, कारण सर्वसाधारण सभेत भांडणं त्यावरूनच होतात. ठाण्यात महापालिकेने नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, त्यामुळे घोडबंदर रोडच्या अनेक टॉवरांवर तो आहे. तरीही गच्चीवरची टाकी कढत आणि खाली नळाला पाणी कोमट! कमिटी कंपनीला बोलावते, साफसफाईचं बिल भरते, फरक शून्य. कारण चोर फ्लॅटमध्ये असतो. मिक्सर नळाचे गरम-थंड दोन्ही नॉब उघडे ठेवून पाणी फक्त पुढच्या जेट स्प्रेच्या तोंडाशी बंद करायची सवय अनेकांना असते. थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर जास्त असेल, तर ते पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनमध्ये शिरतं आणि वरखालच्या सगळ्यांची अंघोळ गार होते. तपासणी फुकटात होते. फ्लॅटचा थंड पाण्याचा मुख्य कॉक बंद करा आणि फक्त थंड पाण्याचा एखादा नळ उघडा. पाइपात उरलेलं पाणी वाहून गेल्यावरही धार चालूच राहिली, तर घरात कुठेतरी दोन्ही लाइन एकमेकींना मिळाल्या आहेत. प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवणं हा खरा इलाज. पहिली बादली गार येणं मात्र बिघाड नव्हे, ते पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी असतं.

काचेच्या नळ्यांचा हीटर असेल, तर पाणीकपातीच्या दिवशी जपा. टाकी रिकामी आणि वर ऊन, म्हणजे नळ्या भयंकर तापतात. दुपारी पाणी आलं म्हणून थेट सोडलं, की तडकतात. अशा वेळी पाणी सूर्य मावळल्यावर किंवा पहाटेच भरा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी तांब्याच्या पाइपांचा फ्लॅट प्लेट हीटर घेताना दोनदा विचार करावा, क्षार आत बसतात.

आता वीज. सर्वांत महाग चूक म्हणजे उन्हाळ्यात जागा पाहून पॅनेल कुठे बसवायचं ते ठरवणं. मेच्या मध्याला ठाण्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली मावते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीही सावली जवळपास वस्तूच्या उंचीइतकी लांब पडते. सकाळ-संध्याकाळी तर त्याहून कितीतरी जास्त. लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, दक्षिणेला उभा राहणारा नवा टॉवर, हे सगळं थंडीचा हिशेब धरून बघा. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर पडलेली सावली बाकीच्यांचंही उत्पादन ओढते.

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात. जुलैतला आकडा पाहून घाबरू नका, एप्रिलमधला पाहून हुरळूनही जाऊ नका. वर्षाची बेरीज बघा. नेट मीटरिंगमध्ये (जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करायच्या सोयीत) यंत्रणेचा आकार तुमच्या मंजूर भारात बसतो का, हे कोटेशन घेण्याआधीच वीजबिलावर तपासा.

स्टँडसाठी स्लॅबला भोकं पाडून वॉटरप्रूफिंगची वाट लावणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला पहिल्याच पावसात त्याचा पत्ता लागतो. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभारणी होत असेल, तर तीच बरी. पण वाऱ्याचा आणि स्लॅबवरच्या वजनाचा हिशेब इंजिनिअरकडून लेखी घ्या. वाशी-ऐरोलीसारख्या खाडीकाठी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) लोखंडावर अडून बसा, नुसता रंग टिकत नाही.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८,००० रुपये, तर सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या सामायिक मीटरला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी पॅनेलमधले सेलही (उन्हातून वीज बनवणाऱ्या चकत्या) भारतात बनलेले लागतात. परदेशी सेलचं स्वस्त पॅनेल घेऊन मग अनुदान मागायला गेलात, तर हात हलवत परत याल.

आणि हो, बॅटरी नसलेलं, ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेलं सोलर महावितरणची वीज गेली की मुद्दामच बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी. तेव्हा भर उन्हात लिफ्ट थांबली, तर आधी वीज गेलीये का ते बघा, मग सोलरवाल्याला फोन करा.