तेलाचा डबा किती दिवसांत संपतो? घरच्या आहाराचा हिशेब

एक मार्कर घ्या. मिठाचा पुडा, तेलाचा डबा आणि साखरेची पिशवी फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख टाका, संपेल त्या दिवशी दुसरी टाका. ‘आमचं जेवण अगदी साधं असतं’ असं प्रत्येक घर म्हणतं. खरं काय ते या दोन तारखा सांगतात. घरात पाच लिटर तेल आलं की ते घरातल्यांच्या पोटातच जातं, त्याला दुसरी वाट नसते.

आता मापं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहाराचा हिशेब असा आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिली, दाणे-तीळ-सुकामेवा 35 ग्रॅम आणि तेल-तूप मिळून 27 ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या जिनसांची आहेत. मिठाची मर्यादा माणशी 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. साखर गुळासकट 25 ग्रॅमच्या आत.

चार मोठ्या माणसांच्या घराला हे लावून पाहू.

मीठ. चौघांचं दिवसाला 20 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 50 दिवस. पण बाहेरचं फरसाण, पापड, लोणचं, पाव, सॉस, झटपट नूडल्स यांतलं मीठ त्या पुड्यात मोजलं जात नाही. म्हणून पुडा दोन महिने पुरला तर हिशेब जमला म्हणायचं. महिन्यातच संपत असेल तर घरचंच मीठ माणशी 8 ग्रॅमच्या वर गेलं. पाकिटावर मीठ नव्हे, सोडियम लिहिलेलं असतं. त्या मिलिग्रॅमच्या आकड्याला अडीचने गुणा. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, दिवसाच्या कोट्यातले जवळजवळ निम्मे. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं, त्यामुळे पापड चवीला खारट लागो न लागो, तो हिशेबात धरायचा.

मीठ कमी करायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे पोळीची कणीक आणि भात. दोन्हींत मीठ घालणं बंद केलं तर आठवड्याभरात कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण सोबतच्या आमटीत आणि भाजीत ते असतंच. आमटीत मात्र एकदम निम्मं केलं की घर बंड करतं. तिथे कोकम, चिंच किंवा वरून लिंबू वाढवा आणि मीठ दर आठवड्याला चिमूटभर कमी करा. आंबटामुळे अळणीपणा झाकला जातो. कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळीच घाला. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं, ते पाणी ओतून दिलं जातं आणि चव गेली म्हणून पुन्हा मीठ पडतं. सैंधव घेतलं म्हणून रक्तदाबाला फायदा होत नाही, त्यातही सोडियम जवळपास तेवढंच आणि वर आयोडीन घातलेलं नसतं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

तेल. 27 ग्रॅम म्हणजे चहाचे सहा चमचे. चौघांचे दिवसाला 24 चमचे. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण खर्च मांडा: सकाळचे पोहे 5 चमचे, दुपारची भाजी 4, आमटीची फोडणी 3, बारा पोळ्यांना अर्धा-अर्धा चमचा म्हणजे 6, रात्रीची उसळ 4. झाले 22. भातावरच्या तुपाला दोन चमचे उरले, तेही चौघांत. वडे, भजी किंवा दाण्याची चटणी वर तेल घालून खायला यात जागाच नाही.

गडबड पळीमुळे होते. फोडणीची पळी घरोघरी वेगळी, कुठे 15 मिली, कुठे 35, आणि तेल कढईत ओततो आपण सवयीने. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाच्या रेघांचं टोपण असतं ते धुऊन घ्या. त्यात 10 मिली पाणी मोजून आपल्या पळीत ओता, पळी कुठपर्यंत भरते ते पाहा आणि ती खूण लक्षात ठेवा. पाच लिटरच्या डब्यातून थेट कढईत कधीच ओतायचं नाही. आठवड्याचं 700 मिली तेल एका बाटलीत काढा आणि रविवारी भरलेली बाटली पुढच्या रविवारपर्यंत पुरवा. या हिशेबाने डबा 50 दिवस जातो. 24 चमच्यांतलं उरलेलं, दिवसाला वीसेक मिली, तूप-लोणी आणि बाहेरच्या खाण्यासाठी राखलेलं आहे.

कमी तेलात फोडणी बिघडते ती पसरट कढईमुळे. तेल तळभर पातळ पसरतं, मोहरी तडतडायच्या आत जिरं करपतं. कढई जरा तिरकी धरा, तेल एका कडेला जमवा, मोहरी तिथे फुलू द्या, मग हिंग-हळद टाकून कढई सरळ करा. भाजी घातली की वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायचं, ही जुनी युक्ती इथे फार उपयोगी. वाफ त्या ताटलीला आतून लागून पुन्हा भाजीत ठिबकते, भाजी खाली लागत नाही आणि आणखी तेल सोडावं लागत नाही. भेंडी याला अपवाद, झाकली की ती तार सोडते. ती धुऊन पूर्ण कोरडी करून चिरा, उघडी परता आणि आमसूल किंवा लिंबू घाला. वांगं तेल पितं, म्हणून भरली वांगी आधी पाच मिनिटं वाफवून घ्यावीत.

तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तळायला वापरू नका. गाळून ठेवा आणि एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा. आणि संपतं म्हणूनच तळणीला कढईत तेल बेताचं घ्यायचं, चार पुऱ्यांसाठी अर्धा लिटर नको.

साखर बहुतेक घरांत चहातून जाते. दोन भरगच्च चमचे घातलेले तीन कप झाले की दिवसाचा कोटा ओलांडला, बिस्किटं वेगळीच. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. दोन महिन्यांत जीभ सरावते, आणि मग पाहुण्यांकडचा चहा पाकासारखा लागतो. गुळाचा चहा हा उपाय नाही. गुळात बहुतांश साखरच असते, लोह मिळावं इतका गूळ खाल्ला तर साखर कुठच्या कुठे जाईल.

चहाची वेळही पाहा. कांदेपोह्यांवर आपण लिंबू पिळतो. त्यातलं क जीवनसत्त्व पोह्यांतलं लोह अंगी लागायला मदत करतं. आणि लगेच सोबत वाफाळता चहा येतो, त्यातली टॅनिनं तेच लोह अडवतात. पोहे आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. जेवणाआधी आणि नंतरही तासभर चहा नको. रक्त कमी असलेल्या बाईने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर आधी गोळी कशाबरोबर घेतली जाते हे विचारायला हवं.

इथवर कमी करायच्या गोष्टी झाल्या. वाढवायच्या गोष्टींत आपली यादी जास्तच कच्ची असते.

250 ग्रॅम धान्याला 85 ग्रॅम डाळ, म्हणजे तीन किलो गहू-तांदूळ-ज्वारीमागे एक किलो डाळी आणि कडधान्यं. चौघांच्या घराला महिन्याला दहा किलो. आपली यादी काढून बघा, बहुतेकदा तूरडाळ दोन किलो आणि मूग, मटकी, हरभरा अर्धा-अर्धा किलो असा मामला असतो. मध्यम वाटीभर तूरडाळीची आमटी चौघांत वाटली की प्रत्येकाला 30 ग्रॅम डाळ आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम लागतात. पातळ आमटीचं भांडं मोठं दिसतं, पण त्यात डाळ तेवढीच असते. म्हणून दुपारी आमटी असली तरी रात्री उसळ, पिठलं, मुगाचं धिरडं किंवा चवळी-वाल असं दुसरं काही हवंच. अंडी, मासे, चिकन खाणाऱ्यांनी त्या दिवशी एका वेळची डाळ कमी केली तरी चालेल. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री पाणी काढून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोड येतात. थंडीत फडकं बंद डब्यात ठेवा. मोडांना वास आला किंवा ते चिकट झाले तर पाणी नीट निथळलेलं नव्हतं. ती मटकी टाकून द्या.

भाज्यांचं गणित आणखी बोलकं आहे. पाव किलो भेंडी चौघांत केली की माणशी साठ ग्रॅम. हव्यात 400. बटाटा यात धरायचा नाही, कांदा-टोमॅटो-काकडी-गाजर धरायचं. यावरचा उपाय आपल्या ताटातच आहे. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, सगळं चवीपुरतं. उजवीकडे भाजी, पोटभरीची. कोशिंबिरीला डावीकडून उजवीकडे बढती द्या आणि वाटीभर वाढा. भाजी दोन वाट्या, पोळी-भात नेहमीपेक्षा एक घास कमी. जेवायला सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करा, भात शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की त्यानंतरच्या भाताने रक्तातली साखर तेवढी झपाट्याने चढत नाही. घरात मधुमेह असलेल्या माणसासाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नसते, वाढण्याचा क्रम आणि माप बदललं तरी पुष्कळ काम होतं.

धान्यात निम्मी ज्वारी-बाजरी-नाचणी आणा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी मात्र मोजून खा. पथ्याची म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर त्याही धान्यच. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना चिरते आणि मग घर पोळीवर परत येतं. म्हणून पंधरा दिवसांचंच दळा, आणि पीठ उकळत्या पाण्यात मळा.

उपासाचं काय? ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीतले शेंगदाणे तेवढे उपयोगाचे. वरईचा भात, दाण्याची आमटी आणि दही हा उपास अंगाला बरा. भगरीचं पीठ आयतं, सुटं आणू नका. साठवणीत त्याला बुरशी लागते आणि सणासुदीला त्यातून विषबाधा होतात.

शतपावली म्हणजे शंभर पावलं, चालायला एक मिनिट लागतं. तिची हजार-दीड हजार करा, दहा-पंधरा मिनिटं, जेवून उठल्या उठल्या. मिनिटाला शंभर पावलं हाच मध्यम व्यायामाचा वेग. बोलता यावं, गाता येऊ नये. आठवड्याला अशी किमान 150 मिनिटं हवीत, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, असे तीन फेरे, भिंतीला हात लावून जोर. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्चीपासून सुरू करा.

बारीक माणसांनी हे वाचून निर्धास्त होऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3 होता, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1 टक्के. आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबता येत नाही ते यामुळेच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडून मोजा. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांची 80 च्या आत असावी. पोट आत ओढून घेतलेलं माप कामाचं नाही.

तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासा, सरकारी आरोग्य केंद्रातही ते होतं. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. मिश्रीही तंबाखूच आहे, दात घासायला असली तरी.

सगळं एकाच सोमवारी सुरू केलं तर पुढच्या सोमवारी बंद पडतं. पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका, फक्त तारखा टाका. दुसऱ्या महिन्यात तेलाची बाटली आणि वाटीभर कोशिंबीर. तिसऱ्यात वाण्याच्या यादीत डाळी-कडधान्यं दोन किलोंनी वाढवा आणि तांदूळ तेवढाच कमी करा. मिठाचा पुडा तोवर संपलेला असेल. त्यावरच्या दोन तारखा वाचा, आणि नवीन पुड्यावर पहिली टाका.