कॅलिफोर्नियात गांजाचं दुकान: जागा घेताना या चुका टाळा

नोव्हेंबर २०१६च्या सार्वमताने कॅलिफोर्नियात प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला आणि १ जानेवारी २०१८पासून उघड विक्री सुरू झाली. तेव्हापासून ‘राज्यात चालतं म्हणजे आपल्या गावातही चालणारच’ असा समज पक्का बसला आहे. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. दुकान होऊ द्यायचं की नाही हे शहर किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ठरवते, आणि निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी किरकोळ विक्रीला परवानगीच दिलेली नाही. तिथे मनाई असेल तर राज्याच्या गांजा नियंत्रण विभागाकडे कितीही नेटका अर्ज करा, परवाना मिळत नाही.

म्हणून आधी पत्ता तपासायचा, पण पोस्टाचा नव्हे. ईस्ट लॉस एंजेलिसच्या पत्त्यात लॉस एंजेलिस आहे, पण तो भाग त्या शहराच्या हद्दीत नाही. तिथे काउंटीचे नियम लागतात. पार्सल नंबर (जमिनीच्या त्या तुकड्याचा सरकारी क्रमांक) देऊन नियोजन विभागाकडून लेखी उत्तर घ्या. खिडकीवरच्या माणसाने तोंडी ‘चालेल’ म्हटलं, त्याला पुढे कुणी विचारत नाही.

खरा घोळ होतो तो अंतरात. शाळा, डे केअर आणि युवा केंद्रांपासून ६०० फूट हा राज्याचा मूळ नियम. लोक दारापासून दारापर्यंत मोजतात, नाहीतर फोनच्या नकाशावर चालायचं अंतर बघून खूश होतात. प्रत्यक्षात सरळ रेष धरतात, शाळेच्या जागेच्या हद्दीपासून तुमच्या प्लॉटच्या सर्वांत जवळच्या हद्दीपर्यंत. मध्ये इमारती असल्या तरी फरक पडत नाही. शॉपिंग सेंटरच्या मागच्या कोपऱ्यातला गाळा शाळेपासून लांब वाटतो, पण त्याच प्लॉटचं पार्किंग शाळेच्या बाजूला पसरलं असेल तर माप पार्किंगच्या कडेपासून धरलं जातं.

शिवाय हा आकडा बदलायची मुभा स्थानिक प्रशासनाला आहे. लॉस एंजेलिसमध्ये ७०० फूट लागतात, आणि यादीत सार्वजनिक बागा, वाचनालयं आणि गांजाची इतर दुकानंही येतात. सॅन डिएगोत शाळेपासून १,००० फूट. सॅन फ्रान्सिस्कोत गांजाच्या दोन दुकानांमध्येही ६०० फूट सोडावे लागतात, त्यामुळे जवळपास आधीच कुणाचं दुकान असेल तर तुमचा गाळा बाद. आणखी एक खोच: राज्याचा कायदा परवाना देताना अस्तित्वात असलेली केंद्रं धरतो. भाडेकरार झाला, अर्ज अडकून पडला आणि तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत डे केअर उघडलं, तर तोही प्रश्न तुमचाच.

अर्ज मंजूर होईपर्यंत रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत बसणं हा या धंद्यातला नेहमीचा रडका अनुभव. परवाना नाकारला गेला तर करार रद्द आणि डिपॉझिट परत, हे कलम सही करण्याआधी घालून घ्या. घरमालकाची लेखी संमती तर राज्यालाच हवी असते. त्याच्या गहाणखतात बेकायदा वापराबद्दल काय लिहिलंय तेही विचारा, कारण देशपातळीवरच्या कायद्यात गांजा विकणं अजून गुन्हाच आहे. पर्यावरणविषयक कागदपत्रं शहराच्या मंजुरीबरोबरच मार्गी लावा. राज्य ती मागतंच.

मित्राने पैसे घातले आणि त्याचं नाव कागदावर आलं नाही, हा प्रकारही नडतो. एकूण २० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेला माणूस कायद्याने मालक ठरतो, त्याला बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्याहून कमी गुंतवणूक असली तरी ती बहुतेक वेळा जाहीर करावी लागते. परवाना मिळाल्यावर दुकानात भिंत हलवायची किंवा विक्रीची जागा वाढवायची तर आधी मंजुरी घ्या, मग सुताराला बोलवा.

आपल्यातल्या अनेकांना ज्याची कल्पनाच नसते ती बाब इमिग्रेशनची. एप्रिल २०१९मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं की राज्याच्या कायद्यात बसत असला तरी गांजाशी संबंधित व्यवहार नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीआड येऊ शकतो. त्यात या धंद्यातली साधी नोकरीही आली. माझं मत विचाराल तर ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बीवर असताना यात उतरूच नये. नुसता गाळा भाड्याने द्यायचा असला, तरी आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, झोनिंगचा (जागेच्या वापराच्या नियमांचा) वकील नंतर.