डिजिटल ट्विन उभारताना मॉडेल आणि मोजमाप यांचा मेळ कसा घालावा

गुंतागुंतीच्या यंत्रणेचा डिजिटल ट्विन, म्हणजे मोजमापांशी सतत जुळवत ठेवलेली तिची संगणकीय प्रतिकृती, उभारायला घेतला की बहुतेकांचे लक्ष आधी त्रिमितीय चित्राकडे आणि सेन्सरच्या संख्येकडे जाते. मला मात्र सर्वांत आधी विचारावासा वाटणारा प्रश्न वेगळा आहे: मॉडेलमधील ज्या संख्या आपण जुळवणार आहोत, त्या उपलब्ध मोजमापांवरून मुळात ठरू शकतात का?

हवेत थंड होणारा धातूचा ठोकळा आणि त्यावर एकच तापमान सेन्सर, एवढेच उदाहरण घ्या. थंड होण्याचा वेग हा उष्णता बाहेर जाण्याचा गुणांक आणि ठोकळ्याची उष्णताधारकता (तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो; म्हणून दोन्ही संख्या दुप्पट केल्या तरी आलेख तोच येतो आणि कितीही नोंदी जमवल्या तरी त्या वेगळ्या काढता येत नाहीत. आता ठोकळ्याला हीटर लावून ५० वॅट शक्ती द्या. तापमान स्थिरावल्यावर तो हवेपेक्षा २५ अंशांनी गरम राहिला, तर दर अंशामागे २ वॅट उष्णता बाहेर जाते. हीटर बंद केल्यावर हा फरक ५०० सेकंदांत सुमारे ३७ टक्क्यांवर आला, तर उष्णताधारकता अंशामागे १००० ज्यूल ठरते. जास्त सेन्सर बसवण्यापेक्षा असा एक नेमका प्रयोग अनेकदा अधिक उपयोगी पडतो.

यानंतर प्रत्येक नव्या नोंदीबरोबर मॉडेलचा अंदाज आणि नोंद यांना आपापल्या अनिश्चिततेनुसार वजन देऊन यंत्रणेची अवस्था, म्हणजे त्या क्षणीच्या तिच्या सर्व चलांच्या किमती, सुधारावी. रेषीय यंत्रणांसाठी ही रीत रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडली. परंतु अवस्थेत १० लाख चल असतील, तर कोव्हेरियन्स मॅट्रिक्समध्ये, म्हणजे चलांची अनिश्चितता आणि त्यांचे जोडीजोडीने असलेले संबंध नोंदवणाऱ्या तक्त्यात, एक लाख कोटी घटक येतात आणि दर घटकाला ८ बाइट धरल्यास ती साठवायलाच ८ टेराबाइट लागतात. म्हणून गेर एव्हेन्सेन यांनी १९९४ मध्ये सुचवल्याप्रमाणे मॉडेलच्या काही प्रती एकत्र चालवून त्यांच्या विखुरण्यावरून अनिश्चितता काढावी. प्रती थोड्या असल्या की दूरच्या बिंदूंमध्ये खोटे संबंध दिसू लागतात. तेव्हा अंतरानुसार नोंदीचा प्रभाव कमी करत न्यावा.

गणनेचा खर्चही आधीच मोजावा. प्रवाहासारख्या त्रिमितीय प्रश्नात गणनेसाठी जागेचे लहान घरांत भाग पाडणाऱ्या जाळीचे अंतर निम्मे केले की घरे ८ पट होतात आणि स्थिरतेसाठी कालपायरीही (गणनेत एका वेळी पुढे सरकायचा कालावधी) निम्मी करावी लागल्यास काम १६ पट वाढते. पुढची नोंद येण्याआधी उत्तर हाती येत नसेल, तर मूळ मॉडेलच्या निकालांवरून बांधलेले हलके मॉडेल वापरावे, मात्र ते ज्या मर्यादेत तपासले आहे तिच्याबाहेर गेल्यास तसा इशारा दिसलाच पाहिजे.

अंदाज आणि नोंद यांतील फरकावर सतत नजर ठेवावी. तो शून्याभोवती विखुरलेला असावा आणि त्याचा विस्तार आपण सांगितलेल्या अनिश्चिततेशी जुळावा. फरक दीर्घकाळ एकाच बाजूला झुकला, तर पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमधील जुळवायच्या संख्या, ओढूनताणून बसवू नयेत. ठोकळा अधिक तापवताना जुळवलेला गुणांक वाढत चालला असेल, तर प्रारण (उष्णता किरणांच्या रूपात बाहेर पडणे) आणि गरम हवेचे अभिसरण यांची पदे समीकरणात आहेत का, हे आधी पाहावे.