कोल्हापुरात नवीन आलाय आणि प्रोग्रॅम लिहिताय? सॅव्हाना या कोड ठेवायच्या जागेसाठी अर्ज करण्याआधी एवढं वाचा

बीड, लातूर, यवतमाळकडची पोरंपोरी दर पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरात येतात. कुणी केआयटी कॉलेजात, कुणी शिवाजी विद्यापीठात, कुणी शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कॉम्प्युटर सांभाळायला. मीही असाच परभणीकडून आलो आणि इथलाच झालो. खोली कुठं बघायची, मेस कुठली, पहिल्याच दिवशी तांबडा रस्सा किती वाट्या प्यायचा, हे सांगणारे तुम्हाला पायलीला पन्नास भेटतील. अनोळखी माणसानं ‘भावा’ म्हटलं तर दचकू नका, आणि आवाज चढला म्हणजे भांडण पेटलं असं समजू नका. बाकी गाव तुम्हाला सांभाळून घेतं.

मला सांगायचंय ते दिवसाची नोकरी किंवा कॉलेज उरकून रात्री स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी आहे. तो मुक्त सॉफ्टवेअर म्हणून, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता, वाटता येईल असा, जगासमोर ठेवायचा, तर ठेवायचा कुठं? स्वतःच्या लॅपटॉपवर तर नाहीच. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली की इथं लोक सामान वरच्या मजल्यावर हलवायला लागतात; 2019 आणि 2021 साली काय झालं ते कुठल्याही शेजाऱ्याला विचारा. कंपन्यांच्या फुकट जागांचाही भरवसा धरू नका. गूगल कोड 2016 च्या जानेवारीत बंद झालं. गिटोरियस त्याच्या आदल्या वर्षीच गुंडाळलं गेलं. सोर्सफोर्जवर 2015 साली गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातीचं सॉफ्टवेअर चिकटवून दिलं गेलं आणि मोठा गदारोळ झाला. म्हणून मी नवीन येणाऱ्यांना ग्नू सॅव्हाना दाखवतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या आधारानं, स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी ही जागा. ग्नू, म्हणजे सगळी यंत्रणाच मुक्त सॉफ्टवेअरची उभारणारा प्रकल्प, त्याच्या अधिकृत पॅकेजेसचा एक विभाग, आणि आपल्यासारख्यांच्या बाकीच्या मुक्त प्रकल्पांसाठी नॉनग्नू हा दुसरा. फी नाही, जाहिरात नाही, मध्ये एजंट नाही. मात्र गिटहबसारखं बटण दाबलं आणि जागा मिळाली, असंही नाही. आधी अर्ज, मग कुणीतरी माणूस तुमच्या फायली उघडून बघतो, मग मंजुरी.

हा माणूस तुमचा कोड किती हुशारीनं लिहिलाय हे तपासत नाही. प्रोग्रॅम अर्धवट असला तरी चालतो. जेवढा आहे तेवढा टारबॉल, म्हणजे सगळ्या फायलींचं एकच गाठोडं, बांधून पाठवा, असंच ते सांगतात. त्याला बघायचं असतं ते एकच: यातली प्रत्येक फाईल कुणाची, आणि ती वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी तिथं स्पष्ट लिहिलीय का. जमीन घेताना आपण पीक बघत नाही, आधी सातबारा बघतो, त्यातलाच प्रकार. अर्ज अडकतात ते बहुतेक इथंच.

बीडकडचा एक पोरगा गेल्या वर्षी राजारामपुरीत राहत होता आणि एका छापखान्यात डीटीपी करत होता. छापखान्यांतला जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टच्या पद्धतीत पडून असतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणणारा छान प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. अर्ज करायच्या आधी टारबॉल माझ्याकडं घेऊन आला. आम्ही तो उघडून एकेक फोल्डर बघत बसलो. ‘फॉन्ट’मध्ये श्रीलिपीच्या दोन फायली. ‘इमेजेस’मध्ये नेटवरून उतरवलेला अंबाबाईच्या देवळाचा फोटो, प्रोग्रॅम सुरू होताना दिसायला. ‘डेटा’मध्ये एका छापील शब्दकोशातून टाईप केलेली शब्दांची यादी. ‘ओल्ड’मध्ये विंडोजची एक एक्सई फाईल, का ठेवली ते त्यालाही आठवेना. आणि जेक्वेरी या वेबपानांच्या तयार लायब्ररीची ती दाबून एका ओळीत कोंबलेली फाईल. परवान्याचा मजकूर कुठंच नाही. रीडमी या माहितीच्या फाईलीत मात्र ‘हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत आहे’ अशी एक ओळ. मनापासून लिहिलेली, पण कायद्यानं तिचा उपयोग शून्य.

दुरुस्तीला दोन संध्याकाळी पुरल्या. श्रीलिपीचे फॉन्ट मुक्त नाहीत, ते बाहेर काढले. तसेही रूपांतराला फॉन्ट लागतच नव्हते. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर हा तक्ता लागतो, आणि तो त्यानं स्वतः बसून तयार केला होता. पडद्यावर दाखवायला मुक्ता हा फॉन्ट घेतला. त्याचा ओपन फॉन्ट लायसन्स फॉन्टसाठी चालतो. लोहितही चालला असता. शब्दकोशातली यादी सरळ उडवली. जेक्वेरीची मूळ, वाचता येणारी फाईल तिच्या परवान्यासकट ठेवली, कारण दाबलेली फाईल म्हणजे सोर्स नव्हे. देवळाच्या फोटोच्या जागी त्यानं मोबाईलवर काढलेला रंकाळ्याचा फोटो आला. फोटोच्या डोक्यावर कोडसारखी सूचना लिहिता येत नाही, म्हणून त्याच फोल्डरमध्ये छोटी रीडमी करून फोटो कुणाचा, कुठल्या वर्षीचा, कुठल्या परवान्याखाली, एवढं लिहिलं.

मग कोड. दहा ओळींपेक्षा मोठ्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर कॉपीराइटची ओळ हवी, त्यात वर्ष आणि नाव, आणि खाली परवान्याची सूचना. एकट्या रीडमीत लिहून भागत नाही. फायली सुट्या होऊन फिरतात आणि मग त्या कुणाच्या हे कळायला मार्ग उरत नाही. सूचनेचा मजकूर जीपीएलच्या, म्हणजे ग्नूच्या सार्वजनिक परवान्याच्या, शेवटी तयार दिलेला असतो, तो जसाच्या तसा उचलायचा. स्वतःच्या शब्दांत ‘सुधारून’ लिहायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण परवान्याची प्रत ‘कॉपीइंग’ नावाच्या फाईलमध्ये ठेवायची.

परवाना कुठला, यावर पोरं चहाच्या टपरीवर तासन् तास वाद घालतात. सॅव्हानापुरतं उत्तर सोपं आहे: 2007 साली आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळणारा कुठलाही मुक्त परवाना. जीपीएलच घेतलात तर ‘किंवा त्यानंतरची कुठलीही आवृत्ती’ हे शब्द गाळू नका. ‘फक्त दुसरी आवृत्ती’ तिथं चालत नाही. अपाचे 2.0 हा परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, दुसरीशी नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांमधला ‘व्यापारी वापर नाही’ वाला प्रकार लोकांना फार आवडतो. तो मुक्त धरला जात नाही, मग चित्र कितीही सुंदर असो. मॅन्युअल लिहिलं असेल तर त्याचा परवाना जीएफडीएलशी, म्हणजे ग्नूच्या मॅन्युअलांसाठीच्या परवान्याशी, जुळता ठेवा.

दुसरी अट आपल्याकडच्या लोकांना जास्त जड जाते. प्रोग्रॅम पूर्णपणे मुक्त यंत्रणेवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालला पाहिजे आणि कुठल्याही बंदिस्त सॉफ्टवेअरवर अवलंबून नसावा. उद्यमनगरच्या कारखान्यांत निम्मं काम एक्सेलच्या मॅक्रोवर चालतं. कास्टिंगचं वजन, भट्टीचा हिशेब, सगळं. नुसता एक्सेलचा मॅक्रो पाठवाल तर परत येईल. तेच लिबरऑफिस या मुक्त पर्यायात चालवून दाखवा. केएमटीच्या (शहर बसच्या) थांब्यांचा नकाशा गूगल मॅप्सवर उभा केला असेल तर ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर आणा. विंडोजवरही चालत असेल तर हरकत नाही, पण ग्नू/लिनक्सवर त्यापेक्षा कमी चालू नये. आणि हो, अर्जात आणि रीडमीत यंत्रणेला ‘ग्नू/लिनक्स’ म्हणा, आपल्या कामाला ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणा. सॅव्हानावाल्यांचा त्यावर कटाक्ष आहे. त्यांच्या घरी राहायचं तर हे पाळायचं, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता नोकरदारांसाठी, आणि हे नीट वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या कामात केलेल्या गोष्टीचा पहिला मालक तुमचा मालक असतो, वेगळा करार नसेल तर. कायद्याच्या लेखी प्रोग्रॅम म्हणजे साहित्यकृतीच. त्यामुळं फाउंड्रीत बसून फाउंड्रीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर स्वतःचं नाव घालून तो वाटून टाकायचा हक्क तुम्हाला नाही. विचारा. इथले छोटे कारखानदार मोकळ्या मनाचे असतात, संध्याकाळी काम थंडावलं की चहावर विषय काढला तर ‘टाक की भावा, आपलं काय जातंय’ म्हणून मोकळे होतात. पण तोंडी होकारावर थांबू नका. लेटरहेडवर चार ओळी घ्या: प्रोग्रॅमचं नाव, कोणी लिहिला, कुठल्या परवान्याखाली द्यायला हरकत नाही, सही, शिक्का, तारीख. उद्या भागीदार बदलले की हाच कागद कामाला येतो. विद्यार्थ्यांनी कॉलेजचे नियम बघून घ्यावेत. आणि चौघांनी मिळून प्रोजेक्ट केला असेल तर चौघांची नावं आणि चौघांची संमती. चौथा पुण्याला गेला आणि फोन उचलत नाही, ही सबब तपासणाऱ्याला सांगून उपयोग नाही.

अर्ज भरणं त्यामानानं किरकोळ. आधी स्वतःचं खातं, मग प्रकल्पाची नोंदणी. वर्णनात ‘क्रांतिकारी’, ‘जागतिक दर्जाचं’ असले शब्द नकोत. प्रोग्रॅम काय करतो, कुठल्या भाषेत लिहिलाय, कुठल्या लायब्रऱ्या लागतात आणि प्रत्येकीचा परवाना कुठला, हे साध्या इंग्रजीत लिहा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी कुणी हसत नाही. टारबॉल कुठून उतरवायचा तो दुवा चालू आहे ना, हे दुसऱ्याच्या मोबाईलवरून तपासा. स्वतःच्या मशीनवर तो नेहमीच चालतो.

मग थांबायचं. तपासणारे आपापली कामं सांभाळून हे करतात. दिवस जातील, कधी आठवडे. दर दोन दिवसांनी ‘सर प्लीज अप्रूव्ह’ लिहू नका, आणि वैतागून दुसरा अर्ज तर अजिबात टाकू नका. रांग वाढते, काम दुप्पट होतं. फारच उशीर झाला तर त्याच नोंदीखाली एक सभ्य ओळ लिहून आठवण द्या. उत्तर आलं की ते कोरडं वाटेल: अमुक फाईलमध्ये सूचना नाही, तमुक चित्राचा परवाना सांगा. त्यात राग नसतो. सगळे मुद्दे एकदम दुरुस्त करा, नवा टारबॉल ठेवा आणि त्याच नोंदीत मुद्द्याला मुद्दा जोडून कळवा. उत्तरच दिलं नाहीत तर अर्ज बंद होतो. पटत नसेल तर शांतपणे विचारा. माणसं शिकवायला तयार असतात.

या अटींत तुमचा प्रकल्प बसतच नसेल, तर कोडबर्ग बघा. बर्लिनची ना-नफा संस्था 2019 पासून चालवते, मुक्त परवाना लागतोच, पण आधी मंजुरीची पायरी नाही. काही जण तिथं सुरुवात करून फायली नीटनेटक्या झाल्या की सॅव्हानाला अर्ज करतात. तेही चांगलं.

सॅव्हानाची मंजुरी आली की गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी व्यवस्था, सुरू करा, खात्यात एसएसएच या सुरक्षित जोडणीची सार्वजनिक किल्ली टाका आणि कोड चढवा. प्रकल्पाचं वेबपान मात्र तिथं अजून सीव्हीएस या गिटच्या आधीच्या व्यवस्थेनं चढवावं लागतं. तुमच्या वयाच्या पोरांनी ते नावही ऐकलेलं नसतं, पण चार-पाच कमांडचं काम आहे. एसएसएचच्या जोडीतल्या खासगी किल्लीची (ती कुणाला द्यायची नसते) एक प्रत पेनड्राइव्हवर काढून गावाकडं घरी ठेवा. खोली नदीच्या बाजूला असेल तर नक्कीच.