१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे अवयव कागदावर कसे काढावेत

ही सतरा अंकी संख्या पाहून कॅल्क्युलेटर उघडण्याची गरज नाही; तिचे सर्व मूळ अवयव कागद-पेन्सिलने काढता येतात आणि ते तसेच काढावेत, कारण खरी गंमत उत्तरापेक्षा रीतीत आहे.

प्रथम अंकांची बेरीज करावी. ती ८१ येते, म्हणून संख्येला ९ ने निःशेष भाग जातो. मात्र तेवढ्यावरून ८१ नेही भाग जातो असे म्हणू नये. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ असूनही तिला २७ ने भागल्यास ९ बाकी उरते.

आता १११११११११ ला त्याच संख्येने गुणावे आणि गुणाकार शाळेत मांडतात तसा पूर्ण मांडावा. नऊही ओळींत तेच नऊ एक येतात, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे उजवीकडून पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, असे वाढत नवव्या स्तंभात नऊ एक जमतात आणि पुढे ते उतरत जातात. कुठेही हातचा येत नाही, आणि आपली संख्या जशीच्या तशी उभी राहते. दहा एकांचा वर्ग केला तर मधल्या स्तंभात १० होऊन हातचा पुढे जातो व १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते. म्हणजे ही सममिती नऊ एकांपर्यंतच टिकते. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटले. त्यांची खूण पाहायची तर मधला ९ सोडून दोन्ही बाजूंचे भाग, १२३४५६७८ आणि ८७६५४३२१, मिळवून पाहावेत: बेरीज ९९९९९९९९ येते.

संख्या वर्ग असल्याने अवयव फक्त १११११११११ चे काढायचे आहेत. ती १११ × १००१००१ आहे. १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७.

कस लागतो तो ३३३६६७ मूळ आहे का, हे ठरवताना. तिचे वर्गमूळ ५७७ हून किंचित मोठे आहे, म्हणून एरवी ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. पण 'प' या मूळ संख्येने तिला भाग जात असेल, तर ९९९९९९९९९ लाही जातो; म्हणजे १० च्या नवव्या घाताला 'प' ने भागल्यास बाकी १ उरते. ही बाकी १ त्याआधी प्रथम आली, तर ती ९ ला भाग जाणाऱ्या, म्हणजे पहिल्या किंवा तिसऱ्या, घातालाच येऊ शकते; तसे झाले तर 'प' ने ९ किंवा ९९९ ला भाग जाईल, म्हणजेच 'प' ही ३ किंवा ३७ असेल. त्या दोन्हींनी ३३३६६७ ला भाग जात नाही. म्हणून बाक्यांचे आवर्तन नेमके नऊचे आहे, म्हणजे बाकी १ दर नवव्या घातालाच येते. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार 'प' मधून १ वजा करून येणाऱ्या घातालाही बाकी १ च उरते, म्हणून 'प' मधून १ वजा केल्यावर ९ ने भाग गेलाच पाहिजे. 'प' विषम असल्याने १८ नेही जातो. उरतात १९, ७३, १०९, १२७ अशा ५७७ पर्यंतच्या केवळ सोळा मूळ संख्या. एकीनेही भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ आहे.

अखेर आपल्या सतरा अंकी संख्येत ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग येतो. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला, ५ × ३ × ३, की विभाजकांची संख्या ४५ मिळते. आणि सुरुवातीला रोखून धरलेला ८१ हा त्यांतलाच एक आहे.